बाहेरचं काम

घला, मस्कत. सकाळचे साडेसात.
पारा आत्ताच बेचाळीसवर, आणि माझ्या टायला
कालचीच गाठ.

अझ्झान अल-रियामी काउंटरवर चावी ठेवतो.
गाडी चौदा महिन्यांची. खाली कूलंटचा गुलाबी ओघळ.
"वॉरंटीत आहे ना?" विचारतो
अरबीत, मग हिंदीत, मग नुसत्या भुवईने.

आहे.
पण बॉनेट उघडलं की कंपनीच्या काळ्या डब्याजागी
लाल पाइप, उघडा फिल्टर,
मागे सायलेन्सरही परका.
सुरू केली की अख्खी रांग वळून बघते.

आम्हीही बसवतो हे. हेच. ह्याच खोक्यातलं.
तीनशे ऐंशी रियाल, मजुरी वेगळी,
वर एक स्टिकर, आणि स्टिकरखाली वॉरंटी शाबूत.
त्याने घरी बसवलं, बरक्यात, खजुरीच्या झाडाखाली,
चुलतभावाने मोबाइलचा उजेड धरला.
"एक स्क्रू उरला नाही," तो सांगतो,
लेकराचं पहिलं पाऊल सांगावं तसं.

फॉर्मवर रकाना: बाहेरचं काम. हो की नाही.
काचेआडून कुरियनसाहेब दोन बोटं उचलतात,
म्हणजे, हो लिही आणि मिटव.

गाडी लिफ्टवर चढते. मी टॉर्च घेतो.
गळती पंपाची. पंप कंपनीचा.
ह्या महिन्यातला सातवा.
आधीच्या सहांना लाल पाइप नव्हता.

आणि मग दिसतं:
क्लॅम्पवर, ब्रॅकेटवर, सायलेन्सरच्या नटांवर
पिवळ्या रंगाची रेघ,
नटावरून पत्र्यावर उतरलेली.

रत्नागिरीचं आयटीआय. गुरवसर.
"घट्ट केलंस? कुणाला दिसतंय?
रेघ मार. नट हलला तर रेघ मोडेल,
तू तिथे नसलास तरी सांगेल."
एकाच व्हाइसवर आम्ही कानस घासायचो,
मी आणि हर्णैचा इद्रिस चौगुले.
मी टाय बांधला.
तो वादी कबीरमध्ये, शटर अर्धं ओढून,
अजून हात काळे करतो.

पण ही रेघ इद्रिसची नाही.
त्याची सुईसारखी. ही थरथरलेली,
एके ठिकाणी दोनदा मारलेली.
"कुणी शिकवलं?"
अझ्झान चपलांकडे बघतो.
"एक उस्ताद आहे. त्याने हात लावला नाही.
बाजूला बसून चहा प्यायला,
मी चुकलो की खाकरला."

मी मोजल्या. सतरा.
एकही मोडलेली नाही.

आपल्याकडे दोन शब्द आहेत.
हमी छापून मिळते, तिच्यावर तारीख असते.
खात्री मात्र कुणी देत नाही,
ती आपली आपल्याला होते, किंवा होत नाही.
कुरियनसाहेबांच्या शिक्क्यावर
दोन्हींना मिळून जागा एकच.

मी लिहिलं: बाहेरचं काम, हो.
शेऱ्याला ओळी दोन होत्या, मी पाच भरल्या.
पंपाचं सील मुळातच सदोष. आधीचे सहा जॉब नंबर सोबत.
पाइपचा, सायलेन्सरचा संबंध नाही.
बसवणी उत्तम.
साहेबांनी "उत्तम" खोडायला लावलं.
बाकीचं वर पाठवतो म्हणाले, बघू.
हा "बघू" मला चार भाषांत येतो.

रात्री वादी कबीर. शटर अर्धं.
"त्या पोराचं झालं मंजूर?"
"बघू. रेघा वाकड्या मारतो तुझा शागीर्द."
इद्रिस खाकरला. मग हसला. मग कुणाच्या तरी
गाडीखालून हात बाहेर काढून म्हणाला,
"चौदा नंबरचा पाना दे. आणि आधी तो टाय सोड,
फॅनबेल्टमध्ये जायचा."

मी टाय डोक्यावरून काढला.
गाठ सोडली नाही.
उद्या साडेसातला लागणार होती.