चुकलेला ठिपका

सानपबाईंचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासायचे. भिंग, दिवा, दोन कागद शेजारी शेजारी.
एक रेघ सरकलेली दिसली की कागद बाद.
सुटताना रोज अंगझडती.
घरी यायचे ते रिकाम्या खिशांनी,
डोळे तेवढे पोरीला देऊन गेले.

मी बाईंकडे आकडे लिहून घ्यायला होते,
सत्त्याहत्तर साली, महिना दीडशे रुपये.
रेल्वे पार्सलने काचा यायच्या, पेंढ्यात निजवलेल्या,
प्रत्येकीवर तळहाताएवढं आभाळ, उलटं:
आभाळ पांढरं, तारे काळे.
"तीळ सांडल्यासारखं दिसतंय," मी पहिल्या दिवशी म्हणाले.
"सांडलेत तिथंच राहतात ते," बाई म्हणाल्या,
"जो सरकतो, तो आपला."

यंत्राचा खटका.
खट, मंगळवारची रात्र. खट, शुक्रवारची.
हजार तारे जागच्या जागी,
आणि कोपऱ्यात एक ठिपका उडी मारतो,
चिमणी दाण्यापाशी मारते तेवढीच.
वडिलांनी बाद केला असता तो.
बाई चहावर साय धरेपर्यंत त्याला मोजत बसायच्या.

काच तापली तर पसरेल,
म्हणून मे महिन्यात खिडकीला ओलं गोणपाट.
खाली पेठ नाक्यावर टोमॅटोचे टेम्पो,
भावावरून हमरीतुमरी, कुणाच्या तरी सनईची कॅसेट.
बाई दशांशाच्या चौथ्या घरात.

एक दगड त्यांना तीन रात्री दिसला,
मग चार महिने ढग, काचाच आल्या नाहीत.
तीन रात्रींत ओळख होते,
पत्ता मिळत नाही.
वहीत त्यांनी लिहिलं, हरवला. अंगावरचे कपडे लिहावेत
तशी खाली तेजस्विता, दिशा, वेग.

बावीस वर्षांनी कुठल्याशा थंड देशात
कुणाला तो सापडला. त्यानं बायकोचं नाव दिलं.
मी चिडले. बाई मेथी निवडत होत्या,
पत्राला मातीचे अंगठे उमटले.
"आपल्या तीन ओळी घेतल्यात त्यानं," म्हणाल्या,
"आणि बघ, चौथं घरसुद्धा बदलावं लागलं नाही."
मग जुडी पुढे ओढली.

अजून सुटे घेताना माझ्या हातून होतं,
दोन नोटा शेजारी शेजारी धरल्या जातात.
वाणी म्हणतो, खऱ्या आहेत हो, बाई.
ते माहीत असतं मला.