बारा बिया

रुवीतलं हॉटेल, खोली चारशे सहा.
पलंगावर सात जण, खाली सतरंजीवर चौघं,
मधे दोन पेले : एक टूरचा, एक आपापला.
मतदान खजुराच्या बियांनी.

विसूभाऊंचं म्हणणं, झेंडा धरून पुढे चालणारा हवा,
किल्ल्याचं नाव, जेवणाची वेळ, संडास कुठे,
सगळं त्याला पाठ.
शिवाय पैसे भरलेत.

हेमलता म्हणाली, पैसे भरलेत म्हणून
निझव्याचा बकऱ्यांचा बाजार वीस मिनिटांत उरकायचा?
तिला मत्रहच्या धक्क्यावर नुसतं बसायचंय,
होड्या बघत, चहा गार होईस्तोवर.
"इथे होतो का गार चहा?"
कुणीतरी. मग हशा.

पेले उपडे केले.
टूर सहा. आपापलं सहा.
माणसं अकरा.

पुन्हा मोजल्या. पलंगाखाली पाहिलं.
कोपऱ्यात नलूवहिनी
बोटांचा चिकटपणा पदराला पुसत होत्या.
चाळीस वर्षं सगळ्या सहलींचे डबे त्यांनी भरले,
जायचं कुठे, हे मात्र
त्यांना आजच विचारलं होतं.

विसूभाऊ म्हणाले, बाद. परत घ्या.
हेमलतानं दोन्ही ढिगांवर
हात पालथे ठेवले.

खाली बस वळत होती,
रिकामी, आतले दिवे चालू.