ळ

दहा मिनिटं बोला, म्हणाले पाळकसाहेब,
विषय : रेव्हरंड टॉल्मन यांच्या जीवनातून मिळणारे धडे.
मुद्देही दिले कागदावर काढून :
धीर. त्याग. अढळ श्रद्धा.
तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई,
मुद्दे दिले की निबंध पाडणारच.

मी कपाटाची किल्ली मागितली.

गायनपुस्तकांच्या मागे, डांबरगोळ्यांच्या वासात,
सुतळीने बांधलेली वही.
साहेबाचा मराठीचा सराव, सन अठराशे चौतीस,
रोज दहा ओळी, शाई आता चहाच्या रंगाची.
आणि त्यावर लाल शाईत चिंतामणशास्त्री केळशीकर,
महिना आठ रुपये,
ओसरीच्या टोकाला स्वतःची चटई टाकून बसणारे,
घरात शिरण्याआधी विहिरीवर अंघोळ करणारे.

साहेबाला ळ ऐकूच येत नसे.
राहायचा भायखल्याला. फिरायला वालकेश्वर.
दूध घालायची गवलण.
शास्त्री प्रत्येक ल खोडतात, डोक्यावर ळ काढतात,
चौदाव्या पानावर वैतागून अख्खी ओळ :
ळ ळ ळ ळ ळ ळ
जीभ उलटी वळवा, टाळूला लावा, सोडा.
साहेबाने खाली इमानदारीने उतरवलंय :
जीभ वलवली. टालूला लावली. सोडली.

डोंगरीच्या नाक्यावर पहिलं प्रवचन.
म्हणायचं होतं, पापाचं मूळ तुमच्या घरात आहे.
म्हणाला, पापाचं मूल तुमच्या घरात आहे.
एका कासाराने विचारलं, नेमकं कोणाच्या?
बायका आत गेल्या, शेण बाहेर आलं.
तरी हा सांगतोच आहे, काल जवल आला आहे!
आणि एक पोरगं ओरडतं, काल तर गेला, साहेब!
वहीत त्या दिवशी एवढंच : टोपी धुतली.
(इथे हशा, मी माझ्या कागदावर नोंद केली.)

मार्गशीर्षात पटकी आली.
अकरा दिवस तारीखच नाही.
मग एक पान, तीन ओळी :

सकाळी बाळ गेले.
डोळे मी मिटले.
शास्त्री जवळ होते.

मी शिक्षिका. बोट आपोआप चुकीवर जातं.
दोनदा फिरवलं.
चार ळ. चारही बरोबर.
लाल शाईचा ठिपकासुद्धा नाही त्या पानावर.

याचं काय करायचं, कळेना.
धीर म्हणावं, तर त्याने तो धरला असं कुठं लिहिलंय.
त्याग? बाळ त्याने दिलं नव्हतं. गेलं होतं.
श्रद्धेबद्दल तर अक्षर नाही.
आणि मी अडकून बसले 'जवळ'पाशी.
जवळ म्हणजे किती?
ओसरीवर? उंबऱ्याशी?
की चटई तिथेच राहिली आणि माणूस आत गेला?
त्या दिवशी विहिरीवर अंघोळ झाली का,
घरच्यांनी काय विचारलं,
हे लिहिणारं कोणी नव्हतं.
शेवटच्या पानांवर फक्त जमाखर्च :
तेल. मेणबत्त्या.
सुतार, अर्धा दिवस. काय केलं ते लिहिलेलं नाही.
शास्त्री, आठ रुपये दिले. परत आले.

रविवारी मी पापाच्या मुलाची गोष्ट सांगितली.
सगळं चर्च हसलं,
खजिनदार रणपिसे चष्मा काढून डोळे पुसत होते.
सातव्या मिनिटाला खाली बसले.
उरलेली तीन मिनिटं कोणी मागितली नाहीत.
पाळकसाहेब नंतर म्हणाले, छान झालं, बाई,
पण धडा काय घ्यायचा ते राहिलं.
राहिलं, म्हटलं मी.

वही सुतळीने बांधून जागच्या जागी ठेवली.
घरी येताना, माझगावच्या उतारावर,
आसपास कोणी नाही असं बघून
जीभ उलटी वळवली, टाळूला लावली,
आणि बराच वेळ
सोडली नाही.