कारणाचा रकाना

शिरोलीच्या फाउंड्रीत मी रिजेक्शनचं रजिस्टर लिहितो.
अठरा वर्षं झाली.
तारीख, पार्ट नंबर, नग, दोष,
आणि शेवटी, सगळ्यात रुंद रकाना : कारण.

दोष मोजून चार-पाच.
कारणं मात्र मागाल तेवढी.
वाळू ओली. वाळू कोरडी. लाईट गेली.
कोक हलका. पोरगं नवीन.
मंगळवार, म्हणजे कालची सुट्टी अजून अंगात.

एकदा साहेबांनी पानं चाळत विचारलं,
ह्यात माणूस कुठाय?
मी म्हणालो, साहेब,
माणसाचा रकाना छापलेलाच नाही.

तसंच एक रजिस्टर मी घरचंही ठेवलंय.
पॅटर्नमेकरचा कोर्स अर्ध्यात सुटला. कारण : वडील.
(ते एवढंच म्हणाले होते, तुझं तू बघ.
मी बघितलं नाही.)
पुण्याची नोकरी नाकारली. कारण : आईचे गुडघे.
उद्यमनगरातलं स्वतःचं शेड बुडालं. कारण : भागीदार,
म्हणजे मेहुणा, म्हणजे सुनंदाचा भाऊ,
म्हणजे सुनंदा.
आणि त्यानंतरच्या सगळ्याचं कारण : पूर.
त्याला कोल्हापुरात कुणी हरकत घेत नाही.
मान हलवतात, चहा सांगतात.
पंचगंगेचं पाणी आमच्या दाराच्या चार घरं अलीकडंच थांबलं होतं,
हे मी चहा संपला तरी सांगत नाही.

गेल्या आठवड्यात पंपाच्या बॉड्या गेल्या,
एकशे अकरा नग, वरचा साचा खालच्यावरून सरकलेला.
मी सवयीनं लिहिलं : वाळू ओली.
दस्तगीर मुल्लाणी हात पुसत आला,
पुढच्या मार्चला रिटायर होणारा माणूस.
वाकून वाचलं.
‘खोड ते. वाळू बरी हुती.
पिना मी बसवल्या न्हाईत नीट. डोळा लागला हुता.
दस्तगीर म्हणून लिही.’
‘चाचा, पगारातनं कापतील.’
‘कापूदेत की.
तू वाळू लिहिलीस तर उद्या वाळू बदलतील, मर्दा,
आणि माल पुन्हा तसाच निघंल.’

मी खोडलं.
अठरा वर्षांत त्या रकान्यात पहिल्यांदा
एक नाव आलं,
आणि रकाना अगदी पुरला त्याला.

त्या संध्याकाळी पुलावरून येताना
तावडे हॉटेलपर्यंत मी गाडी चाळीसच्या वर नेली नाही.
माल पुन्हा तसाच निघंल.
मागचे ट्रक हॉर्न देत होते.

रात्री सुनंदाला सांगितलं,
बँकेचे ते कागद तुझ्या भावानं पुढं केले खरे,
सही मी न वाचता केली.
वाचायला वेळ होता. दोन दिवस होते घरात.
ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.
‘म्हाईत हाय मला,’ म्हणाली,
‘आठ वर्षं वाट बघतोय मी,
तुमी कधी सांगताय म्हणून.’
मग तव्यावरची उलटायला विसरली, आणि ती करपली,
आणि करपलेली तिनं माझ्याच ताटात वाढली.

माळ्यावरच्या पेटीत माझी जुनी पट्टी निघाली.
पॅटर्नमेकरची पट्टी साध्या फुटापेक्षा किंचित मोठी असते.
ओतलेला धातू थंड होताना आकसतो,
ते आधीच धरून लाकूड कापायचं असतं.
हे मला तेव्हा शिकवलं होतं. पाठ होतं.
आता चव्वेचाळीस.
किती आकसलोय, ते ह्या पट्टीवर दिसत नाही.

उद्यमनगरात बाबूराव मगदूमांच्या पॅटर्न शॉपमध्ये
हाताखाली माणूस पाहिजे, असं ऐकलंय.
ते विशीतलं पोरगं बघत असणार.
नाही म्हणाले, तर बाहेर पडता पडताच
कारण : मगदूम, असं लिहायला हात शिवशिवेल.
ओळखतो मी ह्या हाताला.

सोमवारी सगळंच बंद, म्हणून मंगळवारची रजा टाकली.
रजेच्या अर्जातही तो रकाना असतोच.
आईचे गुडघे लिहायला लागलो होतो. आई च्या पुढं थांबलो.
खोडून लिहिलं :
माझं काम आहे.