काकवीचं वजन

दवाखान्यातला काटा बिघडला होता.
"वजन अचूक हवं," चौगुले डॉक्टर म्हणाल्या,
"भुलीचं औषध वजनावर ठरतं.
कुठंतरी करून आणा."

कुठंतरी म्हणजे कुठं, हे मला काय विचारायचं.
सव्वीस वर्षं मार्केट यार्डात तोलाईवर आहे मी.
सकाळचे सौदे आटपल्यावर तिला घेऊन गेलो
गुळाच्या रव्यांमधनं, गांधीलमाश्यांमधनं,
कोपऱ्यातल्या अडतीच्या ओट्यावर.
इलाही नदाफनं काटा पुसला,
वर बारदान अंथरलं,
अन् बारदानाचं वजन आधीच वजा केलं,
एखाद्या पेठेतल्या बड्या व्यापाऱ्याचा माल असल्यासारखं.

ती थरथरत होती. आकडाही थरथरत होता.
एकवीस आठशे. बावीस शंभर. एकवीस सातशे.
"धर की तिला," इलाही म्हणाला.
"धरली तर माझा भार येतोय त्यात."
मग आम्ही दोघं हात मागं बांधून उभे राहिलो,
ती आपणहून थांबेपर्यंत.

एकवीस किलो नऊशे.
इलाहीनं पावती फाडली.
मालाच्या रकान्यात: काकवी.
मालकाच्या रकान्यात माझं नाव.
दराच्या रकान्यात त्यानं आडवी रेघ मारली.

गाठ पोटाला आहे, डावीकडच्या तिसऱ्या आचळाखाली.
दसऱ्याला हरभऱ्याएवढी होती.
मालन तेव्हाच म्हणाली, दाखवून आणा.
मी म्हणालो, हंगाम संपू दे.
आता ती लिंबाएवढी झालीय,
अन् हंगाम अजून चालूच आहे.
"कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.
"लक्षात नाही," मी म्हणालो.
गेल्या पंधरवड्यातल्या प्रत्येक गाडीचं वजन
ज्याला तोंडपाठ आहे, तो म्हणाला, लक्षात नाही.
मालन माझ्याकडं बघत होती.
काही बोलली नाही. तिथं तरी नाही.

घरी आल्यावर तिनं माझं जुनं बनियन काढलं,
त्याला मागच्या पायांसाठी दोन भोकं पाडली, कडा शिवल्या.
टाके चाटू नयेत म्हणून.
घालून बघितलं, तर काकवी दारात जाऊन उभी राहिली
मान ताठ करून, लग्नाला निघाल्यासारखी.
आम्ही हसलो. मग मालन आत गेली
अन् बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

रात्री नऊनंतर अन्न नाही.
पहाटे पाचनंतर पाणी नाही.
कागदावर हे दोनदा लिहिलंय,
खाली छापलेलं: जिवाचा धोका समजावून सांगितला आहे.
त्याच्याखाली माझी सही, पावतीवर करतो तशी,
घाईतली.

साडेनऊला तिनं पालथी घातलेली ताटली
नाकानं सुलटी केली.
रिकामी आहे हे बघून परत माझ्याकडं बघितलं.
चूक माझी नाही तिच्या लेखी,
ताटलीची असावी.

मग ती माझ्या हातांकडं आली.
रोज येते.
बोटांच्या भेगांत दिवसभराचा गूळ बसलेला असतो,
तो ती निवांत, एकेक बोट करून काढते.
आज मी हात तीनदा धुतले होते,
साबणानं, मग राखेनं, मग परत साबणानं.
तिनं हुंगलं. पुन्हा हुंगलं.
मान वर करून तोंडाकडं बघितलं,
की हा माणूस तोच आहे ना.

तोच आहे गं. हंगाम संपू दे म्हणणारा.

शेवटी तिनं हनुवटी माझ्या तळहातावर टेकली.
अंदाजे दीड किलो.
अंदाजात मी सहसा चुकत नाही.

टेंबलाईवाडीच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला,
गाणी लावून, मागं दोन ट्रॉल्या.
तिनं एक कान हलवला, डोकं उचललं नाही.
माझ्या हाताला मुंग्या आल्या,
मग मनगटापासून तो बधिर झाला.
मी काढला नाही.