चौथं गाणं

शिरोड्याला मिठागरावरनं वारा येतो,
जॅकच्या पिना महिन्याभरात हिरव्या पडतात.
पँटला घासून एकेक पुसली, मिक्सरला लावली.
मुंबईहून आलेला पोरगा, इवान नाव,
पायात पांढरे बूट, बुटांत वाळू.
त्याच्या यादीत चौथं गाणं भागीरथीबाईंचं.

शेजारच्या खुर्चीत मोरजकर तबलजी.
"ह्यो गातलो? तां गाणां?"
म्हणाला, आणि पिंक टाकायला उठून गेला.

भागीरथीबाईंचा आवाज म्हणजे
भरतीचं पाणी खाडीत शिरावं तसा,
गाजावाजा नाही,
बघता बघता चिखलातली होडी तरंगती.

पोराने ते ड्रमवर बसवलं.
ध्रुवपद तीनदा, वर लोकांकडून दोनदा.
मोबाइलचे दिवे डोलायला लागले.
मी इको वाढवला, त्याचे मला पैसे मिळतात.
"खाडयेत सिमेट ओततत," मोरजकर म्हणाला.
मी मान हलवली.

मग अंतरा. त्यात एक शब्द आहे, 'उतरते'.

अठ्ठ्याऐंशीत सावंतवाडीला घेतलेली माझी कॅसेट
ताईच्या लग्नात टेपने गिळली.
पेन्सिलीने गुंडाळून, कापून, चिकटपट्टी लावून जोडली.
तेव्हापासून बाई 'उत' म्हणायच्या
आणि थेट तबला.
छत्तीस वर्षं मी तसंच गुणगुणतोय,
मध्ये उचकी लागल्यासारखं.
रेडिओवर पूर्ण लागलंही असेल,
पण कान कॅसेटचंच ऐकायचे.

पोरगा 'उतरते' म्हणाला. अख्खं.
आवाज पातळ, अर्धा मशीनने सावरलेला,
पण चार सूर होते तिथे,
ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडाव्यात
तसे, एकाखाली एक.
माझा हात बटणावरच राहिला.

"काय झाला रे?"
"काय नाय. बझ मारता."

मंडप सुटला. टेम्पोत स्पीकर चढले.
रात्री दीडला पोरगा परत आला,
बूट हातात घेऊन.
"काका, ते जुनं गाणं... फार वाईट झालं का?
खरं सांगा."

भागीरथीबाईंनी ती जागा कशी घेतली असेल,
मला कुठे माहीत?
म्हटलं, "ही वायर साठ मीटर आहे.
ते टोक धर.
ओढू नको. मी गुंडाळतो तसा चालत ये."