मंगळवारचे हात

डॉक्टर प्रिचर्ड मंगळवारी खासगीत असतात,
गुरुवारी सरकारीत.
हात तेच.
मंगळवारी, विमा वजा जाता, खिशातून अकरा हजार डॉलर.
गुरुवारी काही नाही, फक्त थांबायचं.
"किती?" ग्लेनिसनं विचारलं.
"नव्वद दिवसांच्या आत, बहुधा," नर्स म्हणाली,
आणि त्या 'बहुधा'पायी आमची झोप उडाली.

रात्री जुनी वही काढली,
सफरचंदांच्या पेट्यांच्या हिशेबाची.
एका पानावर माझा ग्लीसन : चार अधिक तीन.
समोरच्या पानावर बोटीची किंमत.
अकरा हिवाळे खपून बांधली ती, ह्युऑनच्या पाइनची,
अजून पाण्याशी धड ओळखही नाही तिची.
"विकून टाक," ग्लेनिस म्हणाली.
थोड्या वेळानं, "नको विकूस."
मग उठून भांडी घासत बसली,
घासलेलीच.

पलीकडचा नेव्हिल मंगळवारचा.
त्याला खिडकीतून डोंगर होता, कॉफी कपबशीतून.
गालिचा इतका मऊ, म्हणतो,
की भीतीसुद्धा पावलं न वाजवता आत आली.
पॅड मात्र त्यालाही लावावे लागतात.
हे त्यानं कुंपणाशी उभं राहून सांगितलं,
माझ्याकडे न बघता, झाडाकडे बघत.

मी गुरुवार घेतला.
तत्त्वबित्त्व काही नाही.
चाळीस वर्षं कर भरला, कुरकुरत का होईना,
एवढंच.
आणि बोट.
ग्लेनिसला पहिलं कारण सांगितलं.
दुसरं तिला माहीत होतं.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी फोन आला.
तेवढ्या दिवसांत आत काय काय चाललं असेल,
ते कुणी सांगत नाही, मीही विचारत नाही.

होबार्टचा वॉर्ड. सहा खाटा, पाच पडदे.
शेजारी टेकबहादुर, बस चालवतो, भूतानहून नेपाळच्या छावणीत,
तिथून इथं.
"छावणीत पाण्याला रांग होती," तो म्हणाला,
"तुमच्या रांगेत खुर्च्या आहेत."
आणि मोठ्यानं हसला, टाके दुखेपर्यंत.
रात्रभर तो घोरला.
मला त्या घोरण्याचा आधार वाटला,
हे ग्लेनिसला अजून सांगितलेलं नाही.

सकाळी प्रिचर्ड आले. पोटावर हात ठेवला.
गार होता.
मंगळवारी ऊबदार असतो का,
नेव्हिलला विचारायचं राहूनच गेलं.